मागावर बसलेली घोषणा

दिवाळीचा कचरा झाडून होत नाही तोच आमच्या शुक्रवार पेठेत शेंगांच्या गाड्या लागतात. टरफलांना शेतातली माती अजून चिकटलेली असते. गाडीवाला ढिगाच्या टोकाशी चार शेंगा वेगळ्या काढून ठेवतो, गिऱ्हाइकानं चाखून बघायला. मी त्या चार चाखतो, तोंड जरासं वाकडं करतो, "उद्या बघू" म्हणतो आणि पुढच्या गाडीकडे सरकतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, नाकावर चष्मा, खिशाला पेन. संशय कोण घेणार? छापखान्यात पोचेपर्यंत माझी न्याहारी झालेली असते.

यंदा दुसऱ्याच गाडीवर माझा हात थांबला. गाडीमागच्या भिंतीला एक माणूस चुना मारत होता. चुना वाळायच्या आत त्यानं कोपऱ्यात ब्रशनं एक नाव ओढलं आणि भिंत अडवून टाकली. निवडणूक येणार हे सोलापुरात वर्तमानपत्राच्या आधी भिंतींना कळतं. शेंगा आणि निवडणूक एकाच हंगामात यायची ही मला आठवणारी दुसरी खेप. पहिली खेप आठवली आणि तोंडातला दाणा गिळायचा राहिला.

अकरा वाजता इरण्णा छापखान्यात आला. इरण्णा म्हणजे नागेशशेठचा माणूस, आणि नागेशशेठ म्हणजे टॉवेलचे व्यापारी, गेल्या वेळी आमच्या प्रभागातून निवडून आलेले.

"सर, शेठनी सांगितलंय, यंदा पण तसलंच एक पायजे."

"तसलं म्हणजे कसलं?" मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"असं काय करताय? बोलंना, चालंना!" इरण्णानं टेबलावर बोटांनी ठेका धरला. "आमच्या बारक्या पोरीला अजून पाठ हाय बघा. आन् तवा तर ती जन्मली बी नव्हती."

तो हसला. मीही हसलो, सवयीनं. आणि हसता हसता मला पहिल्यांदा कळलं की आपण कशाला हसतोय.

ती ओळ काय होती ते सांगतो. पण आधी मला थोडी फुशारकी मारू द्या. शरमेकडे जायचा माझा रस्ता फुशारकीवरूनच जातो, त्याला मी काय करू?

दिवसा मी छापखान्यात मजकूर जुळवतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, दशक्रियेची कार्डं. पण सभा-समारंभात मी 'सर' असतो. शिक्षक मी एक दिवसही नव्हतो, पण या गावात ज्याच्या हातात माइक तो सर. आणि या सराचं एक अस्त्र होतं, तीन इंग्रजी शब्दांचं. इन अ नटशेल. थोडक्यात, सगळं सार एका टरफलात.

कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या सरांनी हा वाक्प्रचार शिकवला तेव्हा म्हणाले, नट म्हणजे अक्रोड धरा. आमच्या वर्गात अक्रोड कुणी फोडलेला नव्हता. सरांनी क्षणभर आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं, मग कोटाच्या खिशातून एक भाजकी शेंग काढली, दोन बोटांत फोडली, दाणे खाऊन टाकले आणि रिकामं टरफल वर धरून म्हणाले, "अख्खी गोष्ट यात मावली पाहिजे." बाकीचं इंग्रजी मी कॉलेजच्या फाटकातच सोडून आलो. हे टरफल तेवढं घेऊन आलो.

मग ते मी कुठे कुठे वापरलं! शाळेच्या बक्षीससमारंभात, गणपतीच्या मंडपात, चटणीच्या दुकानाच्या उद्घाटनाला. पद्धत ठरलेली. आधी पाच मिनिटं फुलोरा, मग एकदम आवाज खाली, उजवा हात वर, बोटं शेंग फोडल्यासारखी, आणि "इन अ नटशेल..." इथे तीन आकडे मोजेपर्यंत थांबायचं. मागच्या रांगेतलं खोकणं बंद व्हायचं. मग घोषणा सोडायची. मागची पोरं माझ्या आधीच "इन अ नटशेल" ओरडायला लागली तेव्हा मी प्रसिद्ध झालो असं मी धरून चाललो. एकदा शोकसभेत सवयीनं बोलून गेलो, "अण्णांचं आयुष्य, इन अ नटशेल..." आणि अण्णांची विधवा बहीण पदर तोंडाला लावून हसली. माझी बायको मंदा अक्कलकोटकडची, राग आला की कानडीत शिरते. घरी आल्यावर म्हणाली, "साकु! पुरे ते टरफल. एक दिवस दातात अडकंल."

तिला भविष्य कळतं असं मी म्हणत नाही. पण अडकलं खरं.

घोषणा म्हणजे काय, यावर मी तासभर बोलू शकतो, आणि हीच तिच्यातली गंमत आहे, की जी स्वतः चार शब्दांत आटपते तिच्यावर बोलायला तास लागतो. माझा सिद्धांत असा होता की घोषणा शेंगेसारखी हवी. आत दोन दाणे, बस्स. एक दाणा नाव, दुसरा दाणा वर्म. तिसरा दाणा घातला की घोषणा लांबते आणि लोक माना खाली घालून चालायला लागतात. प्रचाराची रिक्षा एका दारासमोरून जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती पुरी झाली पाहिजे. घरातल्या बाईनं फोडणी टाकता टाकता ती ऐकली पाहिजे आणि भाजी ढवळता ढवळता म्हटली पाहिजे.

पण माझं खरं गुपित दुसरंच होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो. आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तीत चार यंत्रमाग. लहानपणापासून आमच्या घरात भांड्यांच्या, भांडणाच्या आणि जपाच्या आवाजाखाली तो एक आवाज सतत असायचा. खटाक्-खट्, खटाक्-खट्. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाढे मी त्याच ठेक्यावर पाठ केले. सतराचा पाढा मागावर बसत नाही, म्हणून तो मला आजही येत नाही. मोठेपणी घोषणा जुळवली की मी मागच्या दारात उभा राहायचो, भिंतीला कान लावायचो आणि ती मागाच्या ठेक्यावर मनात म्हणून बघायचो. बसली तर पक्की. अडखळली तर पहिल्यापासून. ज्या घोषणेला माग हो म्हणतो तिला सोलापूर हो म्हणतं, हे माझं तत्त्व. आमचं निम्मं गाव त्या आवाजात उठतं आणि त्या आवाजात डबा खातं. त्या ठेक्यात एखादी ओळ रुतली की माणसाला ती म्हणायचीसुद्धा गरज पडत नाही. माग म्हणतो.

किती हुशार होतो मी.

पहिल्या खेपेच्या त्या हंगामात, अशाच शेंगांच्या दिवसांत, पुष्पाक्का छापखान्यात आली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या शेडमध्ये ती कडा शिवायचं काम करायची. चाळिशीची, बुटकी, केसांत रुईचे कण. हातात कापडी पिशवी. तिची बहीण कुंभारीला राहते, तिथल्या शेतातल्या शेंगा तिनं माझ्यासाठी आणल्या होत्या. पिशवी टेबलावर ठेवून ती उभीच राहिली.

"सर, मी उभी ऱ्हातेय."

"बसा की अक्का."

"तसं न्हवं. इलेक्शनला उभी ऱ्हातेय."

मी चष्मा काढून पुसला. ती सांगायला लागली. त्यांच्या वस्तीत नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. कधी येईल ते कुणाला ठाऊक नसतं. मग ज्या घरी पहिली धार पडेल त्या घरच्या बाईनं ताट वाजवायचं, असं तिनंच ठरवून दिलं होतं. ताट वाजलं की सगळी वस्ती हंडे घेऊन धावते. पण बायका कामावर, मग घरी थांबायचं कुणी? पोरींनी. "नळाच्या दिवशी आमच्या एक बी पोरीची शाळंत हजेरी न्हाय, सर. बाई म्हनत्यात, तुमच्या वस्तीतल्या पोरी ठरवून दांड्या मारत्यात काय? आमच्या श्रीदेवीचा धाव्वीचा पेपर हुता. निघाली, चप्पल घातली, आन् ताट वाजलं..."

"अक्का," मी म्हणालो, आणि हात वर केला, बोटं शेंग फोडल्यासारखी. "इन अ नटशेल सांगा."

तिला कळलं नाही. मी समजावलं, म्हणजे थोडक्यात. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाचवा दिवस, ताट, हंडे, श्रीदेवीची चप्पल. मी पुन्हा अडवलं. तिसऱ्यांदा तिनं सांगण्याऐवजी पिशवीचे बंद सोडले, परत बांधले. मग खाली बघत म्हणाली, "त्याच्यासाठीच तर आले. चार बायकांत मी लई बोलते. आपिसात सायबाला बी बोलते. पर माइक म्होरं आला की माजी जीभच उचलत न्हाय. घरी कुनाला सांगितलं न्हाय हे. तुमाला म्हनून सांगते. तुमी दोन वळी लिवून द्या की. तेवढ्या पाठ म्हनीन आन् खाली बशीन."

"देतो," मी म्हणालो. "दोन दिवसांनी या."

खरंच द्यायच्या होत्या. मी तेव्हा खोटं बोललो नाही. खोटं त्यानंतर दुसऱ्या दिवशी झालं, जेव्हा नागेशशेठचं बोलावणं आलं. शेठच्या कार्यालयात कपाटाएवढे दोन स्पीकर होते. शेठनी माझ्यासाठी खुर्ची स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली. "आमच्या सगळ्या सभांचं सूत्रसंचालन तुमच्याकडे, सर," म्हणाले. सगळ्या सभांचं! मोठा मंच, झालर लावलेला, समोर हजारभर माणसं, आणि मी. अजून कुणी मला इतकी माणसं एकदम दिली नव्हती. मी लाच घेतली नाही, कुणी धमकी दिली नाही. एक पुसलेली खुर्ची पुरली.

दोन दिवसांनी पुष्पाक्का आली तेव्हा मी आतल्या खोलीत कागद कापण्याच्या यंत्रामागे उभा राहिलो आणि छापखान्यातल्या पोराला "सर बाहेर गेलेत" असं सांगायला लावलं. काचेतून ती दिसत होती. थोडा वेळ थांबली. जाताना टेबलावर पडलेली टरफलं तिनं गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिच्याच शेंगांची होती ती. मी खाल्लेली.

पुढे थंडी पडली, प्रचार तापला. तिची एक कोपरा सभा झाली, चौकात, हातगाडी उलटी करून केलेल्या मंचावर. मी गंमत बघायला गेलो. हातात भाजक्या शेंगांचा पुडा, गळ्यात मफलर, पानटपरीच्या सावलीत. वस्तीतल्या बायका पुढे बसल्या होत्या. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला. ती उभी राहिली. माइकमधून तिच्या श्वासाचा आवाज चौकभर ऐकू येत होता. एक मिनिट गेलं. बायका म्हणाल्या, "बोल की अक्का, बोल!" तिनं ओठ हलवले. "पानी..." म्हणाली, आणि थांबली. पुढचे शब्द तिच्याकडे नव्हते. ते माझ्याकडे असायला हवे होते. ती सभेवरून नजर फिरवत होती, आणि मला आजही वाटतं की टपरीच्या सावलीत तिनं मला बघितलं. मग ती माइक तसाच धरून उभी राहिली, पुतळ्यासारखी, शेवटी एका म्हातारीनं हात धरून तिला खाली उतरवलं.

एखाद्याला त्या वेळी वाईट वाटलं असतं. मला काय वाटलं ते लिहायला आज हात जड होतोय, पण लिहितो. मला आनंद झाला. दोन दाणे आपोआप टरफलात येऊन पडले होते. नाव आणि वर्म. मी जवळजवळ धावत घरी गेलो, मागच्या दारात उभा राहिलो, भिंतीला कान लावला आणि म्हणून बघितलं.

बोलंना, चालंना, पुष्पाक्का हलंना!

खटाक्-खट्, खटाक्-खट्. कुठेही अडखळत नव्हतं. एवढी चपखल ओळ मला त्याआधी सुचली नव्हती, नंतरही नाही. मंदा पोळ्या लाटत होती. तिला म्हणून दाखवली. तिचं लाटणं थांबलं. "शेंगा आणून दिलेली ती बाई ना ही?" एवढंच म्हणाली, आणि परत लाटायला लागली. मला वाटलं, बायकांना कवित्वातलं काय कळतं?

दुसऱ्या दिवशी शेठच्या सभेत मी फुलोरा केला, आवाज खाली आणला, हात वर केला. "आमच्या विरोधी उमेदवार. इन अ नटशेल..." एक, दोन, तीन. आणि सोडली. आधी हशा आला, मग टाळ्या, मग त्या टाळ्याच ठेका होऊन बसल्या. दोन दिवसांत रिक्षांवर, चार दिवसांत पोरांच्या तोंडात. पाण्याच्या रांगेत, शाळेच्या मैदानात लंगडी घालताना, कुणाची दुचाकी चालू झाली नाही की तिला लाथ मारताना. पाणी, पाचवा दिवस, ताट, पोरींची शाळा, यांतलं काहीच कुणाच्या तोंडी आलं नाही. पुष्पाक्का पडली. शेठ आले. गुलाल माझ्या मफलरलाही लागला, तो मी बरेच दिवस धुतला नाही.

आणि खरी लाज याच्याही पुढची आहे. त्यानंतर मधल्या इतक्या वर्षांत मी ही हकिकत किस्सा म्हणून सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत, गच्चीवरच्या हुरडा पार्टीत. पुष्पाक्काची नक्कल करून. माइक धरलेला हात, हलणारे ओठ, "पानी..." आणि मग खाड्‌कन पुतळा. लोक पोट धरून हसायचे. नकलेत मी एक गोष्ट नेहमी गाळायचो: दोन ओळी मागायला ती माझ्याकडे आली होती, ही. किस्सा सुटसुटीत हवा ना. तिसरा दाणा कशाला?

इरण्णा येऊन गेला त्याच आठवड्यात पुष्पाक्काच्या वस्तीतली एक बाई पोराच्या लग्नाची पत्रिका छापायला आली. मजकूर वाचून झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "यंदा पुष्पाक्का उभ्या राहणार का?"

"कुटलं काय. आमी समद्या जनी गेलो हुतो तिच्याकडं. पाया पडलो. अजून बी पाचव्या दिवशीच पानी हाय आमाला. पर ती न्हाय म्हनती."

"का?"

बाईनं माझ्याकडे बघितलं. ती ओळ कुणाची ते तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता यायचं नाही. "म्हनती, लोकं इसरतील गं, पर माग इसरू देत न्हाय."

मला लगेच उमगलं नाही. दुपारी घरी जेवायला गेलो. मंदानं कडक भाकरी मोडून ताटात ठेवली, वर शेंगांची चटणी, दह्याचा गोळा. मी पहिला घास घेतला आणि मागच्या शेडमधले माग सुरू झाले. खटाक्-खट्. घास हातात राहिला. इतकी वर्षं मी तो आवाज ऐकत होतो आणि त्यात नव्या ओळी शोधत होतो. तिच्या बाजूनं तो कधी ऐकलाच नव्हता. निवडणूक संपली तशा रिक्षा थांबल्या, भिंतींवर चुना बसला, पोरंसुद्धा मोठी झाली. पण ती बाई रोज सकाळी डबा घेऊन शेडमध्ये शिरते, मागांच्या रांगेला लागून असलेल्या तिच्या यंत्रावर बसते, आणि पाळी संपेपर्यंत माग तिला तिच्या नावानिशी सांगत राहतो. बोलंना, चालंना. मीच नीट बसवून दिली होती. कुठेही अडखळू नये इतकी.

"काय झालं? तिखट हाय का?" मंदानं विचारलं.

मी मान हलवली. मागाकडे बोट दाखवलं. तिनं कान दिला, आणि तिला कळलं. कदाचित तिला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. "मग जाऊन या की," ती म्हणाली. "हितं बसून भाकरीकडं काय बघताय?"

आधी इरण्णाला गाठलं. यंदा मला जमणार नाही, म्हणालो. माझी कल्पना होती की तो गयावया करेल, शेठ स्वतः येतील, मी छाती पुढे काढून नकार देईन, एक प्रवेश रंगेल. इरण्णा चहा पीत होता. म्हणाला, "चालतंय की सर. पुष्पाक्का उभी ऱ्हायली तर जुनीच वाजवू. ती काय शिळी व्हत न्हाय."

ती ओळ मी परत मागू शकत नव्हतो. कुणाकडे मागणार? एकदा ठेक्याला दिलेली ओळ आपली राहत नाही. सरांनी वर्गात वर धरलेलं ते टरफल मला तेव्हा आठवलं. अख्खी गोष्ट यात मावली पाहिजे, म्हणाले होते. पण दाणे तर त्यांनी आधीच खाल्ले होते.

मग शेंगा घेतल्या. या खेपेला चाखल्या नाहीत, पिशवी भरून विकत घेतल्या. गाडीवाला चकित होऊन म्हणाला, "सर, आज बरं हाय ना?" एमआयडीसीत शेडच्या दाराशी सायकली ओळीनं लावलेल्या. आत शिरलो तर आवाज अंगावर आला. घरामागचे चार माग म्हणजे घरचा कुत्रा. इथे चाळीस होते. हवेत रुई तरंगत होती. बायका माना खाली घालून टॉवेलच्या कडा शिवत होत्या, घड्या घालत होत्या. पुष्पाक्का टोकाच्या यंत्रावर होती. केस आता निम्मे पांढरे, की ती रुई होती, कळेना. तिनं मला बघितलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी तोंड उघडलं, तिनं कानाकडे बोट नेऊन मान हलवली. काही ऐकू येत नाही.

आणि लाइट गेली.

चाळीस माग एकदम थांबले की जी शांतता पडते ती सोलापुरातच कळते. कान दुखतात. दूर कुणाच्यातरी बांगड्या वाजल्या तेवढ्याच. शेडमधली सगळी माणसं काही काम नसल्यामुळे आमच्याकडे बघायला लागली.

"काय काम काढलं, सर?" पुष्पाक्का म्हणाली.

मी येताना सगळं जुळवून आणलं होतं. सुरुवात, मधला चढ, थोडं स्वतःवरच हसू, शेवटी हात जोडणं. तीस वर्षं माइक धरलेला माणूस आहे मी. तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. हातात शेंगांची पिशवी, समोर चाळीस माणसं, आणि मी उभा. माझ्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

पुष्पाक्कानं हातातल्या टॉवेलचा सुटलेला दोरा कात्रीनं कापला. मग डोकं वर करून, अगदी गोड आवाजात म्हणाली, "इन अ नटशेल सांगा की सर."

घडीच्या टेबलावरच्या बायका खळखळून हसल्या. तिला तो उच्चार माझ्याहून बरा येत होता.

"चुकलो, अक्का," मी म्हणालो.

"व्हय. चुकलाच."

"तुम्ही उभ्या राहा. मी लिहून देतो. दोन ओळी. तेव्हा द्यायच्या होत्या त्या."

"आता नगं." तिनं दुसरा टॉवेल ओढला. "आता वळी नकोत मला."

मी पिशवी तिच्या यंत्राच्या कडेला ठेवली. एका बाईनं ती उघडली, शेंगा हातोहात वाटल्या गेल्या, अंधुक शेडमध्ये टरफलं फुटायला लागली. आता काय बोलावं? निघावं? मग जे तेव्हाच विचारायला हवं होतं ते तोंडून आलं. "श्रीदेवीच्या पेपरचं पुढे काय झालं? चप्पल घातली, ताट वाजलं. त्याच्यापुढे?"

पुष्पाक्काचा हात थांबला. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती सांगेल असं मला वाटलं. मी वाकून उभा राहिलो, लांबच्या लांब ऐकायला तयार.

"ते थोडक्यात येत न्हाय, सर," ती म्हणाली. "आन् आता पोरीला पोरगी झाली. तवा इचारायचं हुतं." तिनं सुईत दोरा ओवला, पहिल्या फटक्यात. "आन् चुकलो म्हनून मला काय सांगताय? मी काय, घरी गेले की कामात इसरते बी. त्याला सांगा की."

कात्रीच्या टोकानं तिनं शेजारच्या मागाकडे दाखवलं.

तेवढ्यात लाइट आली. आधी पंखे कुरकुरले, मग एक माग, मग दुसरा, मग सगळे. पुष्पाक्कानं मान खाली घातली आणि कड शिवायला घेतली. मी त्या मागाकडे तोंड केलं. खरंच केलं. "चुकलो," म्हणालो. मग मोठ्यानं म्हणालो, सभेतल्या आवाजात, छातीतून. माझे ओठ हललेले बायकांनी बघितले असतील. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. तो शब्द ठेक्यावर टाकून बघितला, पुढून, मागून, ताणून, तोडून. कुठूनच बसेना.

धोटा इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला. बोलंना, चालंना.